आरव्हीतल्या फ्रिजचा दिवा लागलाय, पण फ्रिज गार होत नाही? मेकॅनिक शोधण्याआधी हे चार प्रश्न विचारा

अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी घरांत उन्हाळ्याचा एक बेत ठरलेला असतो. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते. मग एक आरव्ही भाड्याने घ्यायची आणि लास वेगासहून ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस अशी फेरी मारायची.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, टॉयलेट-बाथरूम आणि एक फ्रिज. आजी-आजोबांना रोज बाहेरचं खाणं झेपत नाही, म्हणून हा फ्रिज ठासून भरला जातो. दही, दूध, मळलेली कणीक, इडलीचं पीठ, भाज्या. आणि दाराच्या कप्प्यात आजोबांचं इन्सुलिन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर इडलीचं पीठ डब्याबाहेर आलेलं असतं. बर्फाचं पाणी झालेलं असतं. फ्रिजचा हिरवा दिवा मात्र ऐटीत लागलेला. म्हणजे फ्रिज चालू आहे, फक्त गार होत नाहीये.

अशा वेळी ‘फ्रिज गेला’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. पण बऱ्याचदा फ्रिज गेलेला नसतो. गाडी तिरकी उभी असते, गॅस पोहोचत नसतो, नाहीतर मागची जाळी बंद झालेली असते. हे ओळखता आलं तर भर वाळवंटात मेकॅनिक शोधत फिरायची वेळ टळते. त्यासाठी आधी हे समजून घ्यायला हवं, की हा फ्रिज आपल्या घरातल्या फ्रिजसारखा नसतोच.

हा फ्रिज उष्णतेवर चालतो

घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. तो गुणगुणतो, मधेच थांबतो, परत सुरू होतो. आरव्हीमध्ये वर्षानुवर्षं वापरला जाणारा फ्रिज मात्र बहुतेकदा अ‍ॅब्सॉर्प्शन प्रकारचा असतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो, मोटर नसते, पंप नसतो. तो चालतो उष्णतेवर. ही उष्णता गॅसच्या छोट्या ज्योतीतून मिळते किंवा विजेच्या हीटरमधून.

उष्णतेवर फ्रिज गार कसा होतो? हातावर सॅनिटायझर घेतला की गार का वाटतं ते आठवा. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल उडून जाताना हाताची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणाने.

या फ्रिजमध्ये अल्कोहोलच्या जागी अमोनिया असतो. फ्रिजच्या मागे बंद नळ्यांचं एक जाळं असतं आणि त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन वायू भरलेला असतो. खालच्या बॉयलरला उष्णता दिली की पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर चढतो. वर गेल्यावर बाहेरच्या हवेला उष्णता देऊन त्याचं द्रव होतं. हे द्रव फ्रिजच्या आतल्या बाजूच्या नळीत उतरतं, तिथे हायड्रोजनच्या सोबतीत पटकन उडून जातं आणि जाताना फ्रिजमधली उष्णता घेऊन जातं. मग खाली आलेलं पाणी त्या अमोनियाला पुन्हा शोषून घेतं आणि चक्र सुरू राहतं.

यातला प्रत्येक थेंब फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतो. त्याला ढकलायला कोणी नाही. पुढे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

ही रचना शोधून काढली स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स अशी त्यांची नावं, साल १९२२. पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने हे फ्रिज बाजारात आणले. आज आरव्हीच्या फ्रिजवर दिसणारं डोमेटिक हे नाव इलेक्ट्रोलक्सच्याच एका विभागातून पुढे वेगळं झालं. आणि हलता भाग नसलेल्या फ्रिजची भुरळ खुद्द आइनस्टाइनलाही पडली होती. त्याने आणि लिओ झिलार्डने मिळून असाच एक फ्रिज तयार केला आणि १९३० मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं.

भारतातही हा प्रकार अगदी अनोळखी नाही. हॉटेलच्या खोलीत तो आवाज न करणारा, बाटली जेमतेम गार करणारा छोटा फ्रिज असतो ना, तो बऱ्याचदा याच जातीचा असतो. वीज नसलेल्या भागात लसी गार ठेवायला रॉकेलवर चालणारे फ्रिज वापरायचे, तेही याच तत्त्वावर चालायचे.

आता फ्रिज गार होत नसेल तर चार प्रश्न विचारायचे, तेही क्रमाने. उष्णता आत जातेय का? गाडी सपाट आहे का? मागची गरम हवा बाहेर पडतेय का? आणि आत काय, कसं भरलंय?

प्रश्न पहिला : उष्णता आत जातेय का?

अमेरिकेतल्या बऱ्याच आरव्हींमध्ये फ्रिज दोन गोष्टींवर चालतो, कॅम्पच्या प्लगमधून येणारी १२० व्होल्टची वीज आणि प्रोपेन गॅस. काही छोट्या गाड्यांत आणि ऑस्ट्रेलिया-युरोपकडच्या कॅराव्हॅनमध्ये तिसरा पर्यायही असतो, गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हीटर. आपला फ्रिज यातल्या कशावर चालतोय हे सगळ्यात आधी बघायचं.

प्लगवर असेल तर : कॅम्पमधल्या खांबावरचा ब्रेकर बघा, मग गाडीतला ब्रेकर बघा. बाथरूम किंवा ओट्याजवळच्या सॉकेटवर रिसेटचं बटण असतं, ते उडालेलं असू शकतं. त्यानंतर गाडीच्या बाहेरच्या बाजूला फ्रिजच्या मागची खालची जाळी उघडा. बऱ्याच गाड्यांत फ्रिजची पिन तिथल्याच सॉकेटमध्ये असते आणि खडबडीत रस्त्यावर ती सैल होते. पिन नीट बसवली आणि फ्रिज सुरू झाला, असे प्रकार कमी नाहीत.

गॅसवर असेल तर : सोपी परीक्षा म्हणजे शेगडी पेटवून बघा. शेगडीची ज्योत निळी आणि स्थिर असेल तर गॅस येतोय. शेगडीच पेटत नसेल तर फ्रिजला दोष देण्यात अर्थ नाही. सिलिंडर संपलाय का, त्याची चावी पूर्ण उघडली आहे का, ते बघा. ही चावी हळूहळू उघडायची असते. झटक्यात उघडली तर आतली सुरक्षा यंत्रणा गळती झाली असं समजून गॅस अडवते आणि ज्योत पुरेशी मिळत नाही.

सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा अडकलेली असते. मग फ्रिज दोन-तीनदा पेटायचा प्रयत्न करतो आणि थांबतो, धोक्याचा दिवा लागतो. अशा वेळी आधी शेगडी थोडा वेळ पेटवून हवा काढून टाकायची, मग फ्रिज बंद करून परत चालू करायचा.

शेगडी छान पेटतेय आणि तरी फ्रिज पेटत नाही, असं असेल तर बर्नरमध्ये घाण असण्याची शक्यता मोठी. बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीत बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, वरच्या धुरांड्यातून गंजाचे कण खाली पडतात. सिलिंडर बंद करून, बर्नर गार झाल्यावर हवेच्या झोताने ही घाण काढता येते. गॅस येतो त्या बारीक भोकात पिन किंवा तार मात्र कधीही घालायची नाही. भोक किंचित मोठं झालं तरी ज्योतीचा सगळा तोल जातो. ज्योत पिवळी दिसत असेल तर गॅस नीट जळत नाहीये आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय असं समजायचं. मग फ्रिज गॅसवर चालवायचा नाही.

१२ व्होल्टवर असेल तर : हा पर्याय फक्त इंजिन चालू असतानाचा. हीटरला साधारण १५ अँपिअर लागतात असं धरा. १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतले ५० वापरण्याजोगे असतात. म्हणजे सव्वातीन तासांत खेळ खल्लास. जेवायला थांबलात आणि फ्रिज १२ व्होल्टवरच राहिला तर फ्रिजही गरम आणि बॅटरीही गार, अशी वेळ येते.

अजून एक गंमत. फ्रिज प्लगवर किंवा गॅसवर चालत असला, तरी त्याचं पॅनेल आणि गॅस पेटवणारा कंट्रोल बोर्ड गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतो. बॅटरी उतरलेली असेल किंवा फ्यूज गेला असेल तर भरलेला सिलिंडर असूनही फ्रिज पेटणार नाही.

उंचीचं काय?

गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला उंची सोसत नाही. हवा विरळ होते, ऑक्सिजन कमी पडतो, ज्योत मंदावते किंवा विझते. साधारण ५,५०० फुटांच्या वर गॅसऐवजी प्लगची वीज वापरा, असा सल्ला या फ्रिजच्या माहितीपुस्तकात दिलेला असतो.

आपल्या हिशेबाने बघायचं तर महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई ५,४०० फुटांचं. म्हणजे महाराष्ट्रात गाडी कुठेही नेली तरी हा प्रश्न येणार नाही. पण लास वेगास २,००० फुटांवर आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ साधारण ७,००० फुटांवर. ब्राइस तर त्याहून उंच, ८,००० ते ९,००० फूट. म्हणजे वेगासमध्ये मस्त चाललेला फ्रिज त्याच दिवशी संध्याकाळी कुरकुरायला लागतो, आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

इथे मुक्काम कुठे करताय यानेही फरक पडतो. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर दोन नावं कायम ऐकू येतात. ट्रेलर व्हिलेजमध्ये गाडीला वीज जोडता येते, मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये नाही. इन्सुलिन सोबत असेल तर बुकिंग करताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

प्रश्न दुसरा : गाडी सपाट उभी आहे का?

नळ्यांमधलं द्रव फक्त उतारावरून वाहतं, हे आधी बघितलंच. गाडी तिरकी उभी राहिली की हे द्रव नळीच्या एखाद्या वळणात साचतं. बॉयलरकडे परत येत नाही. पण ज्योत तर सुरूच असते. मग रिकामा बॉयलर तापत राहतो, रिकामी कढई गॅसवर ठेवावी तसा.

यात फक्त फ्रिज गार होत नाही एवढंच नुकसान नाही. नळ्या गंजू नयेत म्हणून त्या द्रवात सोडियम क्रोमेट मिसळलेलं असतं. बॉयलर फार तापला की त्याचे खडे तयार होतात आणि नळी चोंदते. चोंदलेली नळी परत मोकळी होत नाही. त्यामुळे आज तासभर, उद्या रात्रभर असं तिरकं उभं राहण्याचं नुकसान साठत जातं आणि एक दिवस फ्रिज कायमचा बसतो.

बऱ्याच मॉडेलमध्ये एका दिशेने ३ अंश आणि दुसऱ्या दिशेने ६ अंशांपर्यंतचा कल चालतो. आपल्या फ्रिजचा आकडा माहितीपुस्तकात बघून घ्यायचा. मोजायला गवंड्याकडे असते तशी छोटी पाणसळ फ्रीजरच्या तळावर आडवी आणि उभी ठेवून बघायची. कल जास्त असेल तर चाकांखाली लाकडी किंवा प्लास्टिकचे ठोकळे घालायचे. जागा बदलता येत नसेल आणि ठोकळेही नसतील तर तेवढा वेळ फ्रिज बंद ठेवलेला परवडतो.

मग घाटात गाडी चालवताना काय? तेव्हा फारसा धोका नसतो. गाडी सतत हलत असते, त्यामुळे द्रव एका जागी साचून राहत नाही. प्रश्न येतो तो गाडी तिरकी उभी करून सगळे फिरायला गेल्यावर.

प्रश्न तिसरा : मागची गरम हवा बाहेर पडतेय का?

फ्रिजमधून काढलेली उष्णता मागच्या नळ्यांमधून बाहेर टाकली जाते. त्यासाठी गाडीच्या बाहेरच्या भिंतीवर खाली एक जाळी असते आणि वर किंवा छपरावर दुसरी. खालून गार हवा शिरते, वरून गरम हवा निघून जाते. चुलीच्या धुराड्याचंच तंत्र.

या वाटेत पक्ष्यांची घरटी, गांधीलमाश्यांची पोळी, वाळका पाला असं काहीही अडकतं. गाडी उभी असताना, फ्रिज बंद करून दोन्ही जाळ्या बघून घ्यायच्या. टॉर्च मारून वरपर्यंत वाट मोकळी आहे का ते तपासायचं. काही गाड्यांत हवा ओढायला एक छोटा पंखा बसवलेला असतो, तो फिरतोय का तेही बघायचं.

दुसरी गोष्ट ऊन. बाहेर ४० अंशांच्या वर तापमान गेलं की धडधाकट फ्रिजचीही दमछाक होते. डेथ व्हॅलीत १९१३ साली ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. अशा भागातून जाताना फ्रिजकडून घरच्यासारखी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो. दुपारी गाडी उभी करताना फ्रिजची बाजू पश्चिमेच्या उन्हात येणार नाही एवढं बघितलं तरी फरक पडतो.

तिसरी गोष्ट वारा. सोसाट्याचा वारा खालच्या जाळीतून शिरून ज्योत विझवू शकतो. पण म्हणून जाळी पुठ्ठ्याने बंद करायची नाही. गाडीचं तोंड फिरवायचं.

प्रश्न चौथा : आत काय भरलंय?

हा फ्रिज हळू काम करतो. रिकामा फ्रिज गार व्हायलाच बरेच तास लागतात, म्हणून तो आदल्या रात्रीच सुरू करायचा असतो. सकाळी गाडी ताब्यात घेतली, दुकानातून साधी पाण्याची बाटल्यांची पेटी आणली आणि फ्रिजमध्ये कोंबली, तर तो फ्रिज रात्रीपर्यंत त्या बाटल्यांशीच झगडत बसतो. आत जाणारी प्रत्येक गोष्ट शक्यतो आधीच गार केलेली हवी.

फ्रिजच्या आत मागच्या भिंतीवर धातूच्या पट्ट्या दिसतात. थंडावा तिथूनच येतो. त्यांना डबे चिकटून बसले किंवा कप्प्यांवर कागद अंथरला की हवा फिरत नाही. त्याच पट्ट्यांवर बहुतेक मॉडेलमध्ये एक छोटा तापमान मोजणारा सेन्सर अडकवलेला असतो. सामान सरकून तो निसटला तर फ्रिजचा अंदाजच चुकतो. पट्ट्यांवर बर्फ जमला असेल तर फ्रिज बंद करून वितळू द्यायचा, चाकूने खरवडायचा नाही.

दाराचं रबर तपासायला एक नोट पुरते. नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढून बघायची. सहज निघून आली तर तिथून थंडावा गळतोय.

मग नेमका बिघाड कुठे आहे, हे कसं ठरवायचं?

या फ्रिजच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक घाईची असते. दर अर्ध्या तासाने सेटिंग बदललं जातं, दर दहा मिनिटांनी दार उघडून बघितलं जातं. इथे एका बदलाचा परिणाम दिसायलाच कित्येक तास जातात. त्यामुळे कशाने काय झालं हे कळतच नाही.

म्हणून एक शांत परीक्षा करायची. गाडी सपाट जागी उभी करा, फ्रिज जवळपास रिकामा करा, पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून आत ठेवा. मग फ्रिज फक्त प्लगच्या विजेवर १२ ते २४ तास चालवा. दार उघडायचं नाही. नंतर हाच प्रयोग फक्त गॅसवर करायचा.

विजेवर गार होतो पण गॅसवर नाही? मग फ्रिज ठणठणीत आहे, दोष गॅसच्या बाजूला आहे. बर्नर, गॅसचा दाब नाहीतर उंची.

गॅसवर गार होतो पण विजेवर नाही? मग हीटर, ब्रेकर किंवा वायरिंग बघायचं.

दोन्हींवर गार होत नाही, पण मागे बॉयलरच्या बाजूला चांगली धग जाणवते? सपाट जागा आणि हवा दोन्ही ठीक असतील तर मागच्या नळ्यांचं जाळंच निकामी झालंय. हे जाळं रस्त्यात दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. फ्रिज उलटा करून ठेवला की सुरू होतो, असा एक जुना उपाय सांगितला जातो. गॅसची नळी जोडलेला जड फ्रिज कॅम्पमध्ये उलटा करायच्या फंदात पडू नये.

कधी हात लावायचा नाही?

अमोनियाचा झणझणीत वास आला किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर जाळं फुटलं आहे. पिवळी पूड म्हणजे तेच सोडियम क्रोमेट, आणि ते विषारी असतं. अमोनियाने डोळे आणि श्वास दोन्हींना त्रास होतो, आणि सोबत बाहेर पडणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. अशा वेळी बाहेर पडता पडता जमलं तर फ्रिज बंद करायचा, सगळ्यांना गाडीबाहेर काढायचं, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या. तो फ्रिज परत चालू करायचा नाही.

गॅसचा वास आला तर मात्र आत कुठलंही बटण दाबायचं नाही, फ्रिजचंही नाही. सगळ्यांना बाहेर काढायचं आणि बाहेरून सिलिंडरची चावी बंद करायची. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी फ्रिजची ज्योत बंद असलीच पाहिजे. अमेरिकेत काही बोगद्यांमध्ये प्रोपेन नेण्यावर बंधनं आहेत, तेही रस्ता ठरवतानाच बघून घ्यायचं.

हा धोका कागदावरचा नाही. डोमेटिक आणि नॉरकोल्ड या दोन्ही मोठ्या कंपन्यांना आगीच्या धोक्यावरून अमेरिकेत आपले काही फ्रिज रिकॉल करावे लागले आहेत. जुनी आरव्ही विकत घेताना तिथल्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या वेबसाइटवर गाडीचा आणि फ्रिजचा रिकॉल तपासता येतो.

फ्रिज कॉम्प्रेसरचा असेल तर?

नव्या आरव्हींमध्ये १२ व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज वाढत आहेत. ओळखायचं कसं? पॅनेलवर गॅसचा पर्याय नसतो आणि कान दिला की गुणगुण ऐकू येते. यांना उंचीची फिकीर नसते आणि थोड्याफार तिरकेपणाचंही काही वाटत नाही. यांचा शत्रू एकच, कमी व्होल्टेज.

कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, काही सेकंदांत बंद पडतो, थोड्या वेळाने परत तेच. असं होत असेल तर मल्टिमीटर घेऊन व्होल्टेज फ्रिजच्या टोकाशी मोजायचं, बॅटरीशी नाही. बॅटरीवर १२.५ व्होल्ट दिसतात आणि लांबच्या बारीक वायरमधून जाता जाता फ्रिजपर्यंत ११ च पोहोचतात, असं होतं. व्होल्टेज फार खाली गेलं की बॅटरी वाचवण्यासाठी फ्रिज स्वतःच बंद होतो. उपाय म्हणजे जाड वायर, घट्ट जोड आणि चार्ज असलेली बॅटरी.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडे अशी गाडी भाड्याने घेताना फ्रिज कुठल्या प्रकारचा आहे आणि गाडी उभी असताना तो कशावर चालतो, एवढे दोन प्रश्न आधी विचारून ठेवले तर पुढचा बराच घोळ टळतो.

तोपर्यंत खाण्याचं आणि इन्सुलिनचं काय?

खाण्यासाठी अमेरिकेच्या कृषी विभागाचा नियम सोपा आहे. फ्रिज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा. दूध, दही, शिजवलेला भात, आमटी, मांस-मासे हे पदार्थ त्याच्या वर दोन तासांहून जास्त राहिले तर टाकून द्यायचे. सभोवतालचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. वास किंवा चव घेऊन ठरवायचं नाही, कारण आजारी पाडणारे जंतू वासावरून कळत नाहीत. लोणचं, लोणी, अख्खी फळं यांची एवढी चिंता नसते.

फ्रिज बंद पडल्याचं कळलं की दार लावून ठेवायचं आणि बर्फाची पेटी आणायची. बऱ्याच पेट्रोल पंपांवर आणि कॅम्पच्या दुकानांत बर्फाच्या पिशव्या मिळतात.

इन्सुलिनचं गणित थोडं वेगळं आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस चालते, नेमके दिवस औषधाच्या कागदावर लिहिलेले असतात. म्हणजे फ्रिज बंद पडला म्हणून चालू बाटली लगेच वाया जात नाही. खरी भीती बंद गाडीतल्या उन्हाची असते. आणि उलट बाजूने, घाबरून इन्सुलिन थेट बर्फात ठेवण्याची. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं. ते टॉवेलात गुंडाळून, डब्यात घालून बर्फाच्या पेटीत वरच्या बाजूला ठेवायचं आणि सोबत छोटा थर्मामीटर. शंका वाटली तर डॉक्टर किंवा फार्मसीला फोन करायचा.

निघण्याआधी दहा मिनिटं

गाडी ताब्यात घेताना शेगडी पेटवून बघा. फ्रिज गॅसवर आणि विजेवर, दोन्हींवर सुरू होतो का ते कंपनीच्या माणसासमोरच तपासा. दोन्ही जाळ्या बघा. एक पाणसळ, एक थर्मामीटर आणि चाकांखालचे ठोकळे सोबत घ्या. शक्य असेल तर फ्रिज आदल्या रात्रीच सुरू करून ठेवायला सांगा. आणि दहा-बारा दिवसांच्या प्रवासात इन्सुलिनचा सगळा साठा फक्त या एका फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका.

एवढं करूनही वाटेत फ्रिज गार होईनासा झाला, तर हिरव्या दिव्याकडे बघत बसू नका. तो दिवा फक्त फ्रिज चालू आहे एवढंच सांगतो, गार किती झालाय ते थर्मामीटर सांगतो. पाणसळ काढा आणि चार प्रश्नांपासून सुरुवात करा.